संकल्पात ‘उद्या’ नसतो

॥ श्री ॥



आपण दूरदूरच्या गावांहून प्रवासाचे कष्ट सोसून येता, दर्शनबारीत तासन्‌तास तिष्ठता आणि अखेर काही क्षणच श्रींच्या मूर्तीसमोर उभे राहता. त्या क्षणी मन इतके निर्मळ होते की एरवी अवघड वाटणाऱ्या गोष्टी सोप्या वाटू लागतात. कोणी मनोमन ठरवतो, आजपासून तंबाखू सोडली. कोणी ठरवतो, भावाशी धरलेला अबोला आता पुरे झाला. कोणाला गावी एकट्या राहणाऱ्या आईची आठवण होते, कोणाला अर्धवट राहिलेल्या शिक्षणाची. डोळ्यांत पाणी येते आणि निश्चय होतो. तो निश्चय खरा असतो, त्यात लटके काही नसते.

मग प्रसाद घेऊन आपण महाद्वाराबाहेर पडतो. परतीचा प्रवास, घर, नोकरी, शेती, दुकान, मुलांच्या परीक्षा. देवापुढे केलेला निश्चय मनात असतो, परंतु तो ‘पाहू पुढच्या आठवड्यात’ या वाक्याच्या आधाराने मागे मागे सरकत जातो. वर्षाने आपण पुन्हा दर्शनाला येतो आणि तोच निश्चय त्याच भावनेने पुन्हा करतो. भक्तीत उणे नसताना कृतीत हे अंतर का पडते आणि ते कसे बुजवावे, याचा विचार प्रस्तुत प्रवचनात करावयाचा आहे.

दीर्घसूत्री कोणास म्हणावे

चालढकल करणाऱ्यास आपल्या शास्त्रात ‘दीर्घसूत्री’ असा नेमका शब्द आहे. ज्याचे सूत्र, म्हणजे कामाचा धागा, लांबतच जातो तो दीर्घसूत्री. श्रीमद्‌भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्त्याचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत तामस कर्त्याची जी आठ लक्षणे येतात, त्यांतील शेवटची तीन ओळीने पाहण्यासारखी आहेत. पहिला आळशी, दुसरा विषादी, तिसरा दीर्घसूत्री. आळस आणि चालढकल यांच्या मधोमध भगवंतांनी खिन्नता ठेवली आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्यांनी युधिष्ठिरास तीन माशांची कथा सांगितली आहे. एका उथळ तळ्यात तीन मासे मित्रभावाने राहत होते. पुढचे ओळखून आधीच तजवीज करणारा तो अनागतविधाता, प्रसंग येताच बुद्धी चालवणारा तो प्रत्युत्पन्नमती आणि तिसऱ्याचे नावच दीर्घसूत्र. एके दिवशी कोळी आले आणि त्यांनी चर खणून तळ्याचे पाणी बाहेर काढण्यास सुरुवात केली. पहिला मासा म्हणाला, वाट मोकळी आहे तोवर निघू या. दीर्घसूत्र म्हणाला, एवढी घाई कशाला? पहिला निघून खोल जलाशयात गेला. पाणी आटले, उरलेले मासे सापडले आणि कोळ्यांनी ते दोरीत ओवले. प्रत्युत्पन्नमतीने दोरी तोंडात धरून ओवले गेल्याचे सोंग केले आणि मासे धुण्यासाठी स्वच्छ पाण्यात बुडवताच तो निसटला. दीर्घसूत्र मात्र मेला.

या कथेत दीर्घसूत्र दुष्ट नाही, मूर्खही नाही. संकटाची वार्ता त्यानेही ऐकली होती. मित्रांना जेवढे ठाऊक होते तेवढेच त्याला ठाऊक होते. उणीव ज्ञानाची नव्हती. जाणले ते वेळेवर केले नाही, एवढ्यानेच त्याचा घात झाला. आपल्यापैकी बहुतेकांची अडचण हीच आहे. काय करावे हे आपल्याला ठाऊक असते.

चालढकलीची मुळे

काम पुढे ढकलणाऱ्या माणसाला आपण सरसकट आळशी म्हणून मोकळे होतो. पण जरा बारकाईने पाहिले तर असे दिसते की पुष्कळदा तो दिवसभर राबत असतो. बँकेची महत्त्वाची कागदपत्रे करावयाची असतात, त्या दिवशी तो माळा आवरतो. अभ्यासाला बसावयाचे असते, त्या वेळी विद्यार्थी पुस्तकांना कव्हरे घालतो, नाही तर मोबाईल हातात घेतो आणि अर्धा तास कोठे गेला ते त्याला कळत नाही. हात रिकामे नसतात. जे करावयाचे तेवढेच टळत असते.

भगवान पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत स्त्यान, संशय, प्रमाद आणि आलस्य हे चार वेगवेगळे मोजले आहेत. चित्त कामाला तयारच न होणे हे स्त्यान. ‘जमेल की नाही’ अशी दोलायमान स्थिती हा संशय. साधनाची आठवणच न राहणे हा प्रमाद. शरीर व चित्त जड होऊन प्रवृत्ती न होणे हे आलस्य. बाहेरून पाहणाऱ्याला चारही ठिकाणी एकच दिसते, ते म्हणजे काम झाले नाही. परंतु चौघांवरचा उपाय एक नाही. ज्याला भीती वाटते त्याला ‘आळशी’ म्हणून हिणवले तर भीती वाढते आणि काम आणखी लांबते.

बहुतेक चालढकलीच्या तळाशी एखादी अप्रिय भावना असते. तपासणीत काही निघाले तर, या भयाने माणूस डॉक्टरांकडे जात नाही. नकार मिळाला तर, या शंकेने अर्ज भरला जात नाही. आपणच चुकलो होतो हे मान्य करावे लागेल, म्हणून भावाच्या घरी पाऊल पडत नाही. काम ढकलले की तेवढ्यापुरते हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणे हाच मोह होय. गीतेने सात्त्विक सुख आरंभी कडू आणि परिणामी गोड सांगितले, तर तामस सुख निद्रा, आळस व प्रमाद यांतून उपजणारे आणि प्रारंभापासून शेवटपर्यंत भुलविणारे सांगितले. आरंभाचा तो कडू घोट टाळण्यासाठी आपण दिवस दिवस घालवतो. प्रत्यक्षात तो घोट बहुधा काही मिनिटांचाच असतो. एकदा काम सुरू झाले की मन त्यात रमते, हा अनुभव प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. कोणाची खिन्नता आठवड्यांमागून आठवडे टिकत असेल, अंथरुणातून उठणेही जड होत असेल, झोप व भूक हरपली असेल, तर त्याला उपदेशाचे डोस पाजू नयेत. तो आजार असू शकतो आणि त्यावर वैद्यकीय उपचार आहेत. अशा व्यक्तीला धीर देऊन डॉक्टरांकडे नेणे हीच तिची सेवा होय.

संकल्पाचे पाणी

आता उपायाकडे वळू. तो दूर कोठे शोधावा लागत नाही, कारण प्रत्येक पूजेच्या आरंभी आपण तो करतच असतो. तो विधी म्हणजे संकल्प.

अभिषेकाला किंवा सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यावर गुरुजी आपल्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी देतात, अक्षता देतात आणि देशकालाचा उच्चार करू लागतात. पुष्कळ यजमानांना वाटते, ही नुसती प्रस्तावना आहे, खरी पूजा पुढे. त्यामुळे तेवढा वेळ आपले लक्ष नैवेद्याकडे किंवा पाहुण्यांकडे असते. वस्तुतः त्या उच्चारात काय घडते ते पाहावे. आरंभ होतो ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून. मग श्वेतवाराह कल्प येतो. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. मग वैवस्वत मन्वंतर, मग अठ्ठाविसावे कलियुग आणि त्याचे पहिले चरण. त्यानंतर स्थळ येते. जंबुद्वीप, भारतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचे अमुक तीर. पुन्हा काळ येतो, तो शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र अशा क्रमाने. अखेरीस गोत्र आणि नाव. म्हणजे कोट्यवधी वर्षांच्या अफाट काळातून आणि साऱ्या पृथ्वीवरून उतरत उतरत आपण एका बिंदूवर येतो. तो बिंदू म्हणजे आजचा दिवस, ही जागा आणि हा मी. त्यानंतरच काय करावयाचे ते कर्म उच्चारले जाते, ‘करिष्ये’ म्हटले जाते आणि तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडले जाते.

व्याकरणाच्या जाणकारांना ठाऊक आहे की ‘करिष्ये’ हे रूप भविष्यकाळाचे आहे. कोणी म्हणेल, मग येथेही ‘पुढे करीन’ असेच झाले! परंतु हा भविष्यकाळ आजच्या तिथीला आणि या आसनाला बांधलेला आहे. पाणी सुटले की पुढच्याच क्षणी पूजेला प्रारंभ होतो. संकल्प आज सोडला आणि पूजा सवडीने केली, असे कोणी करत नाही. शिवाय ते रूप आत्मनेपदी आहे. कर्माचे फळ कर्त्याकडेच येते, असा त्यातील भाव. आपल्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणी करून चालणार नाही, हेही त्यात आलेच.

देवापुढे उभे राहून आपण मनोमन जे ठरवतो ती इच्छा असते. इच्छेला तिथी नसते, स्थळ नसते, मापही नसते. ‘व्यायाम करावा’, ‘वाचन वाढवावे’, ‘आईकडे लक्ष द्यावे’ ही सर्व शुभ इच्छांची उदाहरणे आहेत. ‘रोज सकाळी सहा वाजता घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाईन आणि परत येईन’ हा संकल्प झाला. ‘दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर आईला फोन करीन आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावी जाईन’ हा संकल्प झाला. आधुनिक मानसशास्त्रातही हा विषय अभ्यासला गेला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, केवळ ध्येय मनात धरण्यापेक्षा ते कधी, कोठे व कसे करणार हे आधी ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून ते अधिक प्रमाणात पार पडते. आपल्या पूर्वजांनी पूजेच्या आरंभीच ही घडी बसवून ठेवली आहे. फक्त पूजेपुरता असलेला तो विधी आपण जीवनात आणावयाचा आहे.

मुक्कामामागून मुक्काम

संकल्प झाला तरी काम डोंगराएवढे दिसत असेल तर मन पुन्हा कच खाते. यावरील उत्तर आपल्या वारकऱ्यांनी चालून दाखवले आहे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. एवढे अंतर पायी जावयाचे म्हटले तर तरुणाचीही छाती दडपेल. परंतु सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन ते चालतात. हे कसे घडते?

पहिली गोष्ट, निघण्याची तिथी ठरलेली आहे. श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. पाऊस लांबला, पेरणी राहिली, अंगात कणकण आहे, या कारणांनी अष्टमी नवमीवर जात नाही. दुसरी गोष्ट, वारकऱ्याला एकाच दिवशी पंढरपूर गाठावयाचे नसते. त्याला आज सासवड गाठावयाचे असते, मग जेजुरी, मग वाल्हे, मग लोणंद. दिवे घाट चढताना त्याच्यासमोर फक्त घाटमाथा असतो. तिसरी गोष्ट, तो एकटा नसतो. दिंडीत त्याची जागा ठरलेली असते, पहाटे शेजारचा उठला की हाही उठतो, आणि पाय थकले तरी टाळाचा ठेका त्याला पुढे नेतो. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, ती आजही पाळली जाते.

तिथी, मुक्काम आणि दिंडी ही तिन्ही आपल्या कामाला लावून पाहावीत. घर बांधणे, कर्ज फेडणे, पदवी पूर्ण करणे, व्यसन सोडणे ही सर्व अडीचशे किलोमीटरचीच कामे आहेत. त्यांचा पहिला मुक्काम कोणता, हे आधी ठरवावे. पदवीसाठी पहिला मुक्काम म्हणजे अर्ज आणणे. कर्जफेडीसाठी पहिला मुक्काम म्हणजे कोणाचे किती देणे आहे ते एका कागदावर उतरवणे. आणि आपला संकल्प घरातील एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावा. ती आपली दिंडी.

मोठे वाटणारे काम वाटून घेतले की किती लहान होते, हे ग्रंथवाचनाच्या हिशेबातूनही कळेल. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. ‘निवृत्त झाल्यावर वाचू’ म्हणून तो ग्रंथ देव्हाऱ्यात लाल वस्त्रात गुंडाळून ठेवलेला असतो. रोज पंचवीस ओव्या वाचल्या तर वर्षभरात संपूर्ण ज्ञानेश्वरी वाचून होते. दासबोधाचे समास दोनशे आहेत. रोज एक समास वाचला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पूर्ण होतो. चाळीस वर्षे पुढे ढकललेले काम रोजच्या पाव-अर्ध्या तासाचे निघते.

नेम

एकदा आरंभ झाल्यावर पुढचा प्रश्न सातत्याचा. त्यासाठी मंदिराचा दिवस पाहावा. पहाटे काकड आरती, मग पूजा, माध्यान्हीचा महानैवेद्य, सायंकाळी धूपारती, रात्री शेजारती. थंडी असो, पाऊस असो, गाभाऱ्यासमोर दहा माणसे असोत की दहा हजार असोत, आरती वेळेवर होते. आज मन लागत नाही म्हणून काकडा उद्या करू, असे पुजारी म्हणत नाहीत. मन कधी लागते, कधी लागत नाही, सेवा मात्र अखंड राहते. आणि सेवा अखंड राहिल्यामुळेच पुष्कळदा मन लागते. आपण याच्या उलट चालतो. मन लागेल तेव्हा काम करू म्हणतो आणि मनाची वाट पाहत बसतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची आणि सदेवाची लक्षणे लागोपाठच्या दोन समासांत मांडली आहेत. भाग्य हे जन्मवेळेच्या ग्रहांवर न ठेवता त्यांनी ते माणसाच्या अंगच्या सवयींत दाखवले आहे. समर्थांचे स्वतःचे जीवनही याची साक्ष देते. नाशिकजवळ टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. हिशेब केला तर तो दिवसाला सुमारे तीस हजार इतका येतो. तेरा कोटी ही संख्या ऐकून आपण हात जोडतो. परंतु ती उभी राहिली ती रोजच्या तीस हजारांतून, बारा वर्षे न चुकता.

आपल्याला एवढे झेपणार नाही, आणि तसे अपेक्षितही नाही. आपल्या परंपरेने गृहस्थाला चातुर्मासाचा नेम दिला आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चार महिने एखादी लहानशी गोष्ट करावयाची किंवा सोडावयाची. नेम लहान आणि मुदत ठरलेली, यामुळे तो पाळला जातो. एखादे दिवशी नेम मोडला तर खचून जाऊन तो सोडून देऊ नये. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा सुरू करावा. खंड पडल्याची खंत करत बसणे हीसुद्धा चालढकलच होय.

कामाचा शेवट तडीस नेणे हाही नेमाचाच भाग आहे. व्रताची सांगता उद्यापनाने होते, त्यावाचून ते पूर्ण मानत नाहीत. संत एकनाथ महाराजांची कथा कीर्तनातून आपण ऐकली असेल. देवगिरीवर सद्‌गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एकदा हिशेबात एका पैची चूक येऊ लागली. एक पै ती काय, सकाळी पाहू, असे नाथ म्हणाले नाहीत. दिवा लावून रात्रभर वह्या तपासत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. त्या टाळीने स्वामींना जाग आली. एका पैसाठी जो एवढा एकाग्र होतो, तो परमार्थात किती पुढे जाईल, हे त्यांनी त्या रात्री ओळखले. हिशेबाची वही आणि देवाची पूजा यांना लागणारे चित्त एकच आहे, असा या कथेचा आशय आहे.

उशीर कोठे शोभतो

येथपर्यंतचे वाचून कोणी असा अर्थ घेईल की प्रत्येक गोष्टीत घाई करावी. तसे नाही. ज्या शांतिपर्वात दीर्घसूत्र माशाचा नाश सांगितला, त्याच शांतिपर्वात भीष्माचार्यांनी चिरकारीची कथा सांगून विलंबाची स्तुतीही केली आहे.

गौतमऋषींचा पुत्र प्रत्येक गोष्ट फार विचार करून सावकाश करीत असे, म्हणून लोक त्याला चिरकारी म्हणत. एकदा क्रोधाच्या भरात गौतमांनी त्याला मातेचा वध करण्याची आज्ञा केली आणि ते वनात निघून गेले. चिरकारी शस्त्र घेऊन विचार करीत राहिला. पित्याची आज्ञा मोडावी कशी? आणि जिने जन्म दिला तिच्यावर शस्त्र उगारावे कसे? विचारात बराच काळ गेला. इकडे गौतमांचा क्रोध शमला, पश्चात्तापाने ते व्याकूळ झाले आणि आपला मुलगा आज तरी नावाप्रमाणे वागला असू दे, अशी आशा करीत धावत आले. पाहतात तो माता सुखरूप होती आणि पुत्राने शस्त्र टाकून त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले. पित्याने त्याला पोटाशी धरले.

दोन्ही कथा एकत्र वाचल्या म्हणजे निर्णयाची कसोटी हाती येते. क्रोध, सूड, शिक्षा, कठोर शब्द, नाते तोडणे या बाबतीत जितका उशीर होईल तितका बरा. रागाने लिहिलेला संदेश मोबाईलवरून पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. वाटणीच्या भांडणात कोर्टाची पायरी चढण्याआधी महिना जाऊ द्यावा. उलट सेवा, दान, क्षमायाचना, उपचार, अध्ययन, कर्जफेड यांत उशीर झाला की नुकसान ठरलेले. आपली गंमत अशी की रागाला आपण क्षणाचाही विलंब लावत नाही आणि क्षमेला वर्षे लावतो.

ज्याला पुढची तिथी नसते

शांतिपर्वातच पिता आणि मेधावी नावाचा त्याचा पुत्र यांचा संवाद आहे. पिता सांगतो, आधी अध्ययन, मग संसार, मग वानप्रस्थ, असे क्रमाने सर्व करावे. पुत्र विचारतो, मृत्यू या क्रमाने येतो काय? तुमचे काम झाले की राहिले, हे तो विचारून येत नाही. म्हणून उद्याचे कार्य आज आणि दुपारचे सकाळी करून टाकावे.

हा विचार भय घालण्यासाठी सांगितलेला नाही. ज्या तीर्थक्षेत्री नवजात बालकाला देवाच्या पायांवर घालतात, त्याच क्षेत्री अस्थी घेऊन येणारेही येतात. घाटावर बसलेल्या त्या माणसांच्या मनात सर्वाधिक काय सलत असते? बहुधा केलेल्या गोष्टींपेक्षा राहून गेलेल्या गोष्टीच सलतात. ‘दिवाळीनंतर बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचे होते.’ ‘बांधावरून दादाशी बोलणे बंद होते, या वर्षी बोलणार होतो.’ पिंडदानाची तिथी असते, श्राद्धाची तिथी असते, प्रायश्चित्ताचीही असते. परंतु गेलेल्या भावाशी बोलण्याची तिथी कोणत्याच पंचांगात सापडत नाही. त्यासाठी तो जिवंत असतानाचा कोणताही दिवस चालला असता.

दानाचेही असेच आहे. कर्णाबद्दल एक लोककथा सांगतात. तो डाव्या हाताशी रत्नजडित वाटी ठेवून अंगाला तेल लावीत असता याचकाने ती वाटीच मागितली. कर्णाने ती तत्काळ डाव्या हातानेच दिली. उजव्या हाताने का दिली नाही, असे विचारता तो म्हणाला, या हातातून त्या हातात जाईपर्यंत मन पालटले असते तर? देण्याची बुद्धी ज्या क्षणी होते तो क्षण पवित्र असतो. ते दान या संस्थानालाच द्यावे असे मुळीच नाही. गावातील शाळेला लागणारी पुस्तके, शेजारच्या गरीब मुलाची परीक्षा फी, घरी काम करणाऱ्या बाईंच्या औषधाचा खर्च, हीही दानेच आहेत आणि श्रींना ती तितकीच पोचतात. मात्र ती हातात सामर्थ्य आहे तोवर करावीत.

संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) उदाहरण या संदर्भात सदैव स्मरणात ठेवावे. ते एखाद्या गावात आले की सभा भरण्याची, स्वागताची किंवा माणसे जमण्याची वाट पाहत नसत. हातातला खराटा घेऊन समोरचा रस्ता झाडू लागत. गाव स्वच्छ झाल्यावर सायंकाळी कीर्तन होई. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी ज्यांनी धर्मशाळा उभारल्या, त्यांच्या कामाचा आरंभ नेहमी पायापुढच्या कचऱ्यापासून होत असे.

प्रस्थानापूर्वी

भाविकहो, आपण आता दर्शन घेऊन परतीच्या प्रवासाला लागाल. त्यापूर्वी धर्मशाळेत किंवा सभामंडपात दहा मिनिटे शांत बसून पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

१. दीर्घकाळ पुढे ढकललेली कामे आठवून त्यांतील एकच निवडावे. दहा संकल्प सोडणारा एकही पाळत नाही.

२. ते काम का टळले, याचा प्रामाणिक शोध घ्यावा. भय, लाज, संशय, थकवा की नुसती सवय? कारण कळले की अर्धे ओझे उतरते.

३. कागदावर आपले नाव, कामाचे नाव, वार, वेळ, जागा आणि माप लिहावे. ज्यात माप नाही तो संकल्प पूर्ण झाला की नाही, हे कधीच कळत नाही.

४. त्या कामाचा पहिला अंश, कितीही लहान असो, आजचा सूर्य मावळण्यापूर्वी करावा. भावाला फोन करावयाचा असेल तर येथूनच करावा. काय बोलावे सुचत नसेल तर ‘देवदर्शनाला आलो आहे, तुझी आठवण झाली’ एवढे म्हणावे. पुढचे शब्द आपोआप येतील.

५. घरी गेल्यावर श्रींच्या प्रसादासोबत आपला संकल्पही एका माणसाला सांगावा आणि तो कागद देव्हाऱ्याजवळ, रोज दिसेल अशा ठिकाणी ठेवावा.

६. काम पूर्ण झाले की देवापुढे दिवा लावून त्याचे उद्यापन करावे. मगच दुसरा संकल्प करावा.

पुढील वर्षी आपण पुन्हा या रांगेत उभे राहाल, तेव्हा त्याच इच्छेचे गाठोडे परत आणू नये. एक तरी पूर्ण झालेले काम श्रींच्या चरणी वाहण्यासाठी आणावे. नारळ-फुलांसोबत आपण वाहिलेली ती सर्वांत मोलाची वस्तू असेल.

आपला परतीचा प्रवास सुखरूप होवो, घरी वाट पाहणाऱ्या सर्वांना आरोग्य लाभो आणि आज हाती घेतलेले शुभकार्य निर्विघ्नपणे सिद्धीस जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥